प्रोसेसर मोठा की स्क्रीन चांगली?

प्रश्न : मी मिरजेत राहते, वय ५४. बरीच वर्षं घरूनच मुद्रितशोधन करते. पुण्या-कोल्हापूरचे प्रकाशक पीडीएफ पाठवतात. एक जुने प्रेसवाले अजून पेजमेकरची (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) फाइल आणि सोबत श्रीलिपीचे (युनिकोडच्या आधीचे मराठी) फॉन्ट देतात. माझा लॅपटॉप १३६६ बाय ७६८ वाला आहे आणि आता तो काम चालू असतानाच बंद पडतो. ६० हजारांपर्यंत नवा घ्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, "आय-सेव्हनचा १५.६ इंची फुल एचडी घ्या, दहा वर्षं बघायला नको." त्याच्या कागदावर '२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलंय, त्याचा अर्थ विचारला तर त्यालाही सांगता आला नाही. मुलगा म्हणतो, "आई, आय-फाइव्ह पुरे, पण १४ इंची ओलेड घे. एकदा बघशील तर बघत राहशील." मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. बसायला जागा सोप्यातली, खिडकीपाशी. दोघांपैकी कुणाचं ऐकू? चष्म्याला ब्लू-कटची, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच घ्यावी का? आणि नव्या स्क्रीनला गार्ड बसवून घेऊ का?
— एक मुद्रितशोधक, मिरज

उत्तर :

ताई, दोघांचंही ऐकू नका. दुकानदाराला तुमचं काम माहीत नाही आणि मुलाला स्वतःची आवड माहीत आहे. आय-फाइव्ह पुरे, एवढं मुलाचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. पीडीएफ उघडायची, चुका टिपायच्या, टिपा जोडून परत पाठवायची, या कामात आय-सेव्हन दिवसभर नुसता बसून राहील. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असली की तुमची यंत्राकडून अपेक्षा संपली. वाचलेले पैसे स्क्रीनमध्ये घाला, कारण रोज सात-आठ तास तुम्ही प्रोसेसरकडे नाही, स्क्रीनकडे बघणार आहात.

आता कोणती स्क्रीन, ते तुमच्या पानापासूनच ठरवू. तुम्ही जी पुस्तकं तपासता त्यातली बरीचशी डेमी आकाराची असणार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. पान उभं सुमारे २१.६ सेंटीमीटर. दुकानदार दाखवतोय त्या १५.६ इंची स्क्रीनची लांबी-रुंदी १६:९ या प्रमाणात आहे; तिची उंची भरते १९.४ सेंटीमीटर. म्हणजे वरचा मेन्यू आणि खालचा टास्कबार सोडा, अख्खी स्क्रीन रिकामी करून दिली तरी डेमीचं पान मूळ आकारात तिच्यात मावत नाही. मुलाची १४ इंची ओलेड १६:१० प्रमाणाची असली तरी १८.८ सेंटीमीटरच. याउलट १६ इंची, १६:१० प्रमाणाची स्क्रीन घेतली तर उंची २१.५ सेंटीमीटर येते, म्हणजे मेन्यू-टास्कबार लपवले तर पान जवळजवळ पूर्ण मावतं. गंमत म्हणजे रुंदी १५.६ वालीइतकीच, ३४.५ सेंटीमीटर. यंत्र आडवं वाढत नाही, स्क्रीन तेवढी उभी दोन सेंटीमीटरनं वाढते. पुस्तकाचं काम करणाऱ्या माणसाला लॅपटॉपमध्ये मिळू शकणारी ही सगळ्यात स्वस्त चैन आहे आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, कारण फलकावर लिहायला 'आय-सेव्हन' जास्त शोभून दिसतं.

१६:९ हे प्रमाण टीव्हीवरून आलं. सिनेमा पाहायला ते उत्तम, कागद वाचायला आखूड. गेल्या काही वर्षांत कंपन्यांना हे उमगलंय, त्यामुळे १९२० बाय १२०० पिक्सेलच्या (पिक्सेल म्हणजे चित्र ज्यांनी बनतं तो बारीक ठिपका) स्क्रीन आता मधल्या किमतीतही मिळतात. जाहिरातीत त्यांना 'डब्ल्यूयूएक्सजीए' किंवा 'फुल एचडी प्लस' म्हणतात. फुल एचडीत उभ्या १०८० ओळी असतात, यात १२००. या १२० ओळी सगळ्या पानाला मिळतात, कारण मेन्यू आणि टूलबार आहेत तेवढेच राहतात.

पिक्सेलच्या बाबतीत तुम्हाला सामान्य गिऱ्हाइकापेक्षा जास्त काटेकोर राहावं लागेल. इंग्रजी वाचणाऱ्याला बारीक टाइपातला 'ई' थोडा पुसट दिसला तरी शब्द कळतो. तुमचं तसं नाही. 'ध' की 'घ', 'भ' की 'म', वेलांटी पहिली की दुसरी, विसर्ग आहे की अपूर्णविराम, रफार नेमका कोणत्या अक्षरावर पडलाय, 'दुसर्या' आहे की 'दुसऱ्या', हे ओळखण्याचेच तुम्हाला पैसे मिळतात. १२ पॉइंटचा मजकूर मूळ आकारात दाखवला, तर तुमच्या जुन्या स्क्रीनवर (ती १५.६ इंची आहे असं धरून) अक्षर, वरची मात्रा आणि खालचा उकार मिळून सगळ्यांना उभे साधारण १७ पिक्सेल मिळतात. त्यात अनुस्वाराच्या वाट्याला येणार किती? फारतर दोन. १६ इंची १९२० बाय १२०० वर तेच अक्षर २३-२४ पिक्सेलमध्ये बसतं. ओलेडची २८८० बाय १८०० असेल तर ४० पिक्सेल. अक्षराच्या रेखीवपणात मुलाची निवड सरळ पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं.

मग ओलेडला नाही का म्हणतेय? चार कारणं आहेत. सगळी सारख्या वजनाची नाहीत.

पहिलं म्हणजे तुमचं काम पांढऱ्या पानावर चालतं. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग दाखवताना तो चक्क विझतो. रात्रीच्या दृश्यांचा सिनेमा पाहताना मुलाला जे वेड लागतं ते यामुळेच. पण पांढरं पान म्हणजे सगळे पिक्सेल पेटलेले. ओलेडचा जो गुण तोच तुमच्या उपयोगाचा नाही, वर बॅटरीही जास्त खाणार. तुमच्याकडे दिवसभर एकाच जागी तोच टूलबार, तोच टास्कबार. ओलेडवर असा न हलणारा मजकूर वर्षानुवर्षं राहिला की त्याचा पुसटसा ठसा कायमचा उमटू शकतो. कंपन्या त्यावर बरेच उपाय करतात, धोका पूर्वीपेक्षा कमी झालाय, पण गेलेला नाही.

दुसरं कारण तुमच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांसाठी जास्त महत्त्वाचं. बऱ्याच ओलेड स्क्रीन उजेड कमी करायचा तर खरोखर मंद होत नाहीत. त्या अतिशय वेगानं उघडझाप करतात. अनेक लॅपटॉपमध्ये हा वेग सेकंदाला २४० वेळा असतो. डोळ्याला ते दिसत नाही, बहुतेकांना काही होतही नाही, पण काहींचं डोकं धरतं, डोळे शिणतात. तुम्ही त्या काहींपैकी आहात का, हे पैसे देण्याआधी कळायला मार्ग नाही. मागून दिव्याचा उजेड देणाऱ्या साध्या एलसीडी स्क्रीनमध्येही पूर्वी असं असायचं, स्वस्तातल्या काहींत अजून असतं. दुकानात तपासता मात्र येतं. स्क्रीनचा उजेड एक-चतुर्थांशावर आणा, मोबाइलचा कॅमेरा प्रो मोडवर ठेवून शटर १/१००० वर न्या आणि पांढऱ्या स्क्रीनवर रोखा. कॅमेऱ्यात ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर ती स्क्रीन उघडझाप करणारी. हे काम मुलावर सोपवा, त्याला आवडेल.

तिसरं, या किमतीतल्या ओलेड बहुधा चकचकीत काचेच्या असतात. सोप्यातल्या खिडकीपाशी तुम्हाला पानाबरोबर खिडकीचे गज, बाहेरची तार आणि स्वतःचा चष्मा, सगळं वाचावं लागेल.

आणि चौथं कारण म्हणजे तुमचे पेजमेकरवाले. १४ इंची २८८० बाय १८०० स्क्रीनवर सगळं इतकं बारीक दिसतं की विंडोज आपणहून आकार २०० टक्के करून देतं. नव्या सॉफ्टवेअरना त्याचं काही वाटत नाही. पण पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. तेव्हा अशा स्क्रीन कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या. तिच्यावर एकतर टूलबॉक्समधली बटणं मुंगीएवढी दिसतात, नाहीतर सगळी खिडकी ताणून मोठी केल्यासारखी धूसर होते आणि श्रीलिपीतला मजकूरही तिच्याबरोबर धूसर होतो. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी या टॅबखाली हाय डीपीआयची सेटिंग असते, ती बदलून या दोहोंपैकी कोणता त्रास परवडतो ते निवडता येतं. त्रास जात नाही. १६ इंचीवर आकार १२५ टक्के किंवा अगदी १०० टक्केही ठेवता येईल, तिथे हे दुखणं पुष्कळ कमी.

या टक्क्यांचा आणखी एक हिशोब आहे, तो लक्षात घ्या म्हणजे जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांना भुलणार नाही. २०० टक्के केल्यावर १८०० ओळींच्या ओलेडवर कामाला जागा उरते ९०० ओळींएवढी. फुल एचडी १२५ टक्क्यांवर ठेवली तर ८६४. आणि १२०० ओळींची १६ इंची १२५ टक्क्यांवर ठेवली तर ९६०. पिक्सेल सगळ्यात जास्त ओलेडमध्ये, पण मेन्यू-टूलबार वगळून पानाला मोकळी जागा सगळ्यात जास्त १६ इंचीत.

आता कागदावरचे ते दोन आकडे. निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड. २५० निट्स ही सध्याच्या लॅपटॉपची तळाची पायरी समजा. ट्यूबलाइटच्या खोलीत ते पुरतं. दिवसा खिडकीपाशी नाही पुरत. तुम्ही उजेड शेवटपर्यंत वाढवाल आणि तरी पान राखाडी वाटेल. तुम्हाला किमान ३०० हवेत, ४०० मिळाले तर सोन्याहून पिवळं. एखाद्या जाहिरातीत निट्सचा आकडाच दिला नसेल तर तो २५० आहे असं धरून चाला. चांगला आकडा कुणी लपवत नाही.

पण जास्त निट्ससाठी जास्त पैसे मोजण्याआधी टेबल हलवून बघा. खिडकी पाठीशी असेल तर तिचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडतं, समोर असेल तर डोळे दिपतात आणि स्क्रीन अंधारी वाटते. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला घ्या. नुसत्या एवढ्यानं ३०० निट्सची स्क्रीन तुम्हाला पुरून उरेल.

४५ टक्के एनटीएससी हा रंगांचा आकडा. एनटीएससी ही अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीची १९५३ सालची मोजपट्टी. मिरजेतला लॅपटॉप आज तिच्यावर का मोजायचा, हे मला आजवर कळलेलं नाही, पण कंपन्या मोजतात. संगणकासाठी रंगांची जी मोजपट्टी एचपी आणि मायक्रोसॉफ्टनी १९९६ मध्ये ठरवली तिला एसआरजीबी म्हणतात, आणि आपण इंटरनेटवर पाहतो ती बहुतेक चित्रं तिच्याच हिशोबानं बनलेली असतात. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीतले साठ-बासष्ट टक्के रंग. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे ढोबळमानानं पूर्ण एसआरजीबी. ४५ टक्केवालीवर कुंकवाचा लाल रंग शेंदराकडे झुकतो, गर्द हिरवा मळकट दिसतो. मजकूर तपासताना याची फारशी अडचण नाही. पण प्रकाशकानं मुखपृष्ठ पाठवून 'रंग कसा वाटतो' विचारलं, तर अशा स्क्रीनवर पाहून मत देऊ नका. १०० टक्के एसआरजीबी तुमच्या बजेटात मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर त्यापायी अडून बसू नका. लग्नाचे फोटो करणारा कुणी विचारता तर हाच मुद्दा मी पहिला सांगितला असता आणि उंचीचा शेवटी.

पॅनलचा, म्हणजे स्क्रीनच्या आतल्या एलसीडीचा, प्रकारही विचारा. 'आयपीएस' असलं पाहिजे. काही कंपन्या 'डब्ल्यूव्हीए' किंवा 'आयपीएस-लेव्हल' लिहितात, तेही चालेल. 'टीएन' असेल तर उठून या. आता ते कमी झालेत, पण ऑनलाइन सेलमधल्या फार स्वस्त यंत्रांत अजून सापडतात. ओळखायला सोपं : स्क्रीन हळूहळू मागे कलवा. रंग उलटेपालटे होऊ लागले, वरचा भाग एका छटेचा आणि खालचा दुसऱ्या छटेचा दिसला, की समजा टीएन.

१२० हर्ट्झ, १४४ हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं काढते तो आकडा) हे संगणकावर गेम खेळणाऱ्या मुलांसाठी. तुम्हाला ६० पुरे. टचस्क्रीन नको, तिच्याबरोबर बहुधा चकचकीत काच येते. पेन घेऊन थेट पीडीएफवर मुद्रितशोधनाच्या खुणा करायची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण ती यंत्रं ६० हजारांत चांगली मिळणं कठीण.

एक फसगत मात्र नीट समजून घ्या, कारण ती सुशिक्षित माणसांचीही होते. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या स्क्रीन बसवते. यूट्यूबवर ज्या मॉडेलची तारीफ ऐकली त्यात ४०० निट्सची होती आणि दुकानातल्या डब्यात २५० ची, नाव तेच. फरक असतो तो नावापुढच्या लांबलचक अक्षर-आकड्यांच्या कोडमध्ये. तो कोड डब्याच्या लेबलवर आणि यंत्राच्या तळाला छापलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तोच कोड टाकून 'डिस्प्ले' ही ओळ वाचा. आकार, पिक्सेल, निट्स, रंग, मॅट की चकचकीत, सगळं त्या एका ओळीत असतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सेमच आहे," तरी ती ओळ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर स्वतःची एक पीडीएफ न्या. जोडाक्षरं आणि तळटीपा भरपूर असलेली, संदर्भग्रंथाची असली तर उत्तम. दुकानात लावलेला समुद्र-मोर-फुलांचा व्हिडिओ कोणत्याही स्क्रीनवर छान दिसतो, त्याच्यासाठीच तो बनवलेला असतो. तुमचं पान १०० टक्क्यांवर उघडा. चार्जर काढायला लावा, कारण काही यंत्रं बॅटरीवर आली की गुपचूप उजेड कमी करतात. मग खुर्ची मागून घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं खरोखर वाचा. दोन चुका काढूनच उठा. दुकानदार चुळबुळ करेल, करू द्या. ६० हजारांचं गिऱ्हाईक आहात.

घ्यायचं यंत्र सीलबंद डब्यातलं असेल तर तो डबा तुमच्यासमोर फोडून चालू करायला सांगा. पूर्ण पांढरी, पूर्ण काळी, मग लाल, हिरवी, निळी अशी स्क्रीन करून बघा. पॉवरपॉइंटच्या पाच रंगीत स्लाइड मुलाला आदल्या रात्री बनवायला सांगितल्या की झालं. पांढऱ्यावर काळा ठिपका किंवा काळ्यावर रंगीत ठिपका दिसला तर तो मेलेला किंवा अडकलेला पिक्सेल. एक-दोन असे पिक्सेल असणं हा बहुतेक कंपन्या वॉरंटीत दोष धरतच नाहीत. म्हणून तो दुकानातच दिसलेला बरा. आणि तुमच्या बाबतीत ही नुसती सौंदर्याची बाब नाही. पानाच्या मध्यावर एक काळा ठिपका कायमचा बसला तर दर पानाला तुम्हाला वाटणार, अनुस्वार आहे की काय! काळ्या स्क्रीनवर कडेनं थोडा उजेड पाझरताना दिसेल, आयपीएसमध्ये तो असतोच. तुमच्या पांढऱ्या पानावर तो दिसणार नाही, त्यावरून यंत्र नाकारू नका.

डोळ्यांकडे वळते. ब्लू-कट काचेवर पैसे घालवू नका. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात अशा काचांनी संगणकावर काम करणाऱ्यांचा डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही आढळलं नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची संस्थाही त्या घ्या असं सांगत नाही. चुरचुर होते ती बहुधा डोळे कोरडे पडल्यानं. टक लावून वाचताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येते, आणि मुद्रितशोधकाइतकं टक लावून दुसरं कोण वाचतं? वीस मिनिटांनी मान वर करून लांबच्या झाडाकडे बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. डोक्यावरच्या पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर तो टाळा.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा प्रश्न याहून खरा आहे. त्यात जवळचं वाचायचा भाग खाली असतो आणि हातभर अंतराचा, म्हणजे नेमका स्क्रीनचा, मधे एक अरुंद पट्टा. तो साधायला माणूस नकळत हनुवटी वर करतो आणि संध्याकाळी मान धरते. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर उंच ठेवायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. प्रोग्रेसिव्हवाल्यांनी तो मानू नये. तुमच्यासाठी स्क्रीन थोडी खालीच बरी, जराशी मागे कलवलेली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना स्क्रीन आणि डोळे यांतलं अंतर टेपनं मोजून न्या आणि फक्त त्या अंतराचा, एकाच नंबरचा चष्मा वेगळा करून द्या म्हणावं. तो घरात, टेबलापाशीच राहील. स्क्रीनवर दहा हजार जास्त घालून जो आराम मिळणार नाही तो या चष्म्यानं मिळेल.

तर तुम्ही शोधायचं ते हे : १६ इंची, १९२० बाय १२००, आयपीएस, मॅट, ३०० निट्स किंवा जास्त, आय-फाइव्ह किंवा रायझन-फाइव्ह (एएमडी कंपनीचा त्याच तोडीचा प्रोसेसर), १६ जीबी. दुकानदाराकडे नसेल तर मागवायला सांगा, आठ दिवसांनी काही बिघडत नाही. १६ इंची यंत्र जड असतं, पण तुम्ही ते घरातच ठेवणार आहात. रोज सांगलीला एसटीनं नेणार असता तर मीही १४ इंचीच सुचवली असती.

बजेटात तसं बसलंच नाही तर दुसरा रस्ता आहे, आणि खरं सांगायचं तर घरीच बसून काम करणाऱ्यासाठी तोही तितकाच चांगला. साधा, ४५ हजारांच्या आतबाहेरचा आय-फाइव्ह लॅपटॉप घ्या, स्क्रीन फुल एचडी २५० निट्सची असली तरी चालेल. त्याला एचडीएमआय वायरनं २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर जोडा. तो दहा हजारांच्या आसपास येतो. त्याची उंची साधारण ३० सेंटीमीटर, म्हणजे डेमीचं पान सव्वापट मोठं करूनही पूर्ण दिसतं. डावीकडे मूळ हस्तलिखित आणि उजवीकडे प्रूफ असं शेजारी शेजारीही लावता येतं, ते लॅपटॉपच्या कोणत्याच स्क्रीनवर सुखानं होत नाही. पेजमेकरची कटकटही या मॉनिटरवर नाही, कारण तो १०० टक्क्यांवरच वापरायचा असतो. उणं एवढंच की मूळ आकारात अक्षराला तुमच्या जुन्या स्क्रीनपेक्षाही थोडे कमी पिक्सेल मिळतात आणि कडा खरबरीत दिसतात, कारण तेच पिक्सेल मोठ्या जागेवर पसरलेले असतात. म्हणून पान सव्वापट करूनच वाचा; दोन फुटांवरून ते कमी जाणवतं. फक्त मॉनिटरचा स्टँड खाली घेता येतो ना ते बघा, तुमच्या चष्म्यासाठी. उद्या लॅपटॉप बदलला तरी मॉनिटर तोच राहील.

आता गार्डचं. बसवू नका. मॅट स्क्रीनवर प्लॅस्टिकचा थर चढवला की अक्षरं धुरकट होतात, म्हणजे एवढी शोधाशोध करून आणलेली स्क्रीन पुन्हा जुन्यासारखी. काही लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्यात फटच इतकी कमी असते की गार्डच्या जाडीनं काचेवर दाब येतो. स्क्रीन फुटते ती ओरखड्यांनी नाही; कीबोर्डवर पेन्सिल, खोडरबर, चष्मा राहतो, झाकण मिटलं जातं आणि कट्कन आवाज येतो. वॉरंटीत ते बसत नाही. तुमच्या हातात दिवसभर लाल पेन असतं, म्हणून सांगते. पुसायला मऊ मायक्रोफायबरचा फडका साध्या पाण्यात किंचित ओला करून घ्या, काचा पुसायचा निळा स्प्रे स्क्रीनपासून लांब ठेवा. आणि झाकण उघडताना कोपऱ्याला धरू नका, मधोमध धरा.